नादारीचा अर्ज करण्यापूर्वी



गाळप हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात येणाऱ्या सभासदांचे प्रश्न ठरलेले असतात. तोड कधी मिळणार, टोळी का फिरकली नाही, लागणीची तारीख चुकीची कशी नोंदली गेली, बिल कधी निघणार. या प्रश्नांना उत्तरे देण्यातच आमची वीस वर्षे गेली. परंतु गेल्या हंगामात कळंब तालुक्यातील एक वयस्क सभासद ऑफिस बंद करण्याच्या वेळेस आले, चिटबॉय बाहेर जाईपर्यंत थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "सायेब, नादारीचा अर्ज कुठं मिळतो?"

आम्हास प्रथम वाटले, नातवाच्या शाळेचे काही काम असावे. आमच्या पिढीस नादारी हा शब्द शाळेतलाच ठाऊक. बापाची ऐपत नसली की हेडमास्तरांकडे अर्ज करावयाचा, तलाठ्याचा दाखला जोडावयाचा आणि फी माफ व्हावयाची. आम्हीही डिप्लोमाला जाईपर्यंत नादारीवरच शिकलो. म्हणून आम्ही म्हणालो, "तात्या, शाळेतच मिळतो की."

तात्या म्हणाले, "शाळेतला न्हाई सायेब. कोर्टातला."

मग हळूहळू सर्व हकीकत बाहेर आली. मुलगा पुण्यास एका कंपनीत कामाला होता. पगार बरा होता, म्हणून बँकांनी आपण होऊन क्रेडिट कार्डे दिली. एकाची तीन झाली. पुढे कंपनीचे काम कमी झाले, सात-आठ महिने घरी बसावे लागले. घरभाडे, मुलीचे आजारपण, गाडीचा हप्ता हे सारे कार्डावर निभावले. एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डाने भरले. मूळ खर्च दोन-सव्वादोन लाखांचा असेल, तिन्ही कार्डांचा आकडा मात्र चार लाख साठ हजारांवर गेला होता. वसुलीचे फोन मुलास येता येता बापास येऊ लागले. कोणी तरी मुलास सांगितले की नादारी घे, म्हणजे सगळे कर्ज धुऊन जाते. तालुक्याच्या गावी एका माहितगाराने त्यावर आणखी शक्कल सांगितली की आधी जमिनीतला मुलाचा हक्क सोडून घ्या, मग नादारीचा अर्ज करा, म्हणजे बँकेच्या हाती काहीच लागणार नाही.

तात्यांच्या मनात दुसराच विचार होता. सव्वा एकर तुकडा गहाण टाकावा, नाही तर विकावा, आणि पोराला मोकळे करावे. "पोरगं फोन उचलत न्हाई. त्येची आई रातभर जागी आसती," एवढे बोलून ते गप्प झाले.

असा प्रश्न हल्ली एकट्या तात्यांचा राहिलेला नाही. मुले पुण्यास, सोलापूरला, मुंबईस आहेत. कोणाचे कार्ड, कोणाचे मोबाईलवरून घेतलेले कर्ज, घरी बायकांच्या बचत गटाचे हप्ते, इकडे सोसायटीचे पीककर्ज आणि ट्रॅक्टरचा हप्ता. म्हणून आम्ही वकील नसलो तरी, आम्हास जे समजले ते सभासदांपुढे मांडावे असे ठरविले. गैरसमज नसावा.

पहिली गोष्ट, कर्ज फिटेनासे होणे ही काही आजची किंवा एकट्या शेतकऱ्याची गोष्ट नव्हे. आपला हा धाराशिव मुलूखच एके काळी कर्जापायी दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता. निजाम सरकारकडे इंग्रजी फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा भाग इंग्रजांकडे लावून द्यावा लागला. १८६० साली नवा तह झाला, पन्नास लाखांचे कर्ज सोडून देण्यात आले, आणि आपला भाग परत निजामाकडे आला. म्हणजे राजाचेही देणे थकते, आणि राजालाही सूट मिळते. तेव्हा पाच एकरवाल्याने मान खाली घालून फिरण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, कर्जदाराने न्यायालयापुढे जाऊन 'माझ्याने फिटत नाही' असे सांगणे हेही नवीन नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. त्याची चौकशी होऊन १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी तो होता. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे त्या कायद्याने बंद केले, आणि ज्याचे कर्ज पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक आहे अशा शेतकऱ्यास नादारीसाठी कोर्टात अर्ज करण्याची वाट दिली. पलीकडे बार्शीच्या शेतकऱ्यास ती सोय होती. अलीकडे आपण निजामाच्या मुलखात असल्याने आपल्यास नव्हती. सांगावयाचे तात्पर्य, नादारी म्हणजे बुडवेगिरी नव्हे. कायद्याने ठेवलेली ती एक वाट आहे.

परंतु वाट आहे म्हणून प्रत्येकाने त्या वाटेने जावे असे मात्र नाही. येथेच आमचे सभासद फसतात. शाळेतली नादारी आणि कोर्टातली नादारी यांत फार फरक आहे. शाळेतल्या नादारीत फी माफ होते आणि दप्तर आपल्याकडेच राहते. कोर्टातल्या नादारीत माफी अगदी शेवटी येते. आधी दप्तर जमा करावे लागते.

हे कसे ते पाहू. आपल्या देशात व्यक्तीच्या नादारीचे जुने कायदे दोन, मुंबईसारख्या तीन महानगरांसाठी १९०९ चा आणि बाहेरच्या भागासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. १९२० च्या कायद्याप्रमाणे कर्ज पाचशे रुपयांवर असेल आणि फेडण्याची ताकद नसेल, तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. कोर्टाने नादार ठरविले की त्याची मिळकत कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तो ती विकून सर्व धनकोंना वाटतो. पुढे कोर्टाने पूर्ण मोकळीक देईपर्यंत जे नवे मिळेल, वारसाने जे येईल, त्यावरही हाच नियम. शेतकऱ्याची औते, बैल, बियाणे आणि राहते घर यांना दिवाणी कायद्याने जप्तीतून सूट दिलेली आहे. परंतु शेतजमिनीला अशी सरसकट सूट नाही, हे लक्षात ठेवावे.

आता तात्यांच्या मुलाचे पाहा. त्याच्या नावावर पुण्यात काही नाही, म्हणून तो समजतो की आपल्याकडे जाण्यासारखे काही नाही. परंतु तात्यांची पाच एकर जमीन वडिलोपार्जित आहे. वाटणी झालेली नाही. सातबाऱ्यावर नाव तात्यांचे असले तरी मुलाचा जन्मतःच हिस्सा आहे. मुलगा नादार ठरला की त्याचा हिस्सा हा मिळकतीत धरला जातो. म्हणजे ज्या जमिनीवर कार्डवाल्या बँकेचा एका पैशाचा बोजा नव्हता, ती जमीन आपणच आपल्या अर्जाने कोर्टाच्या टेबलावर नेऊन ठेवणार. भावाचा, बहिणीचा हिस्सा त्यातून वेगळा काढता काढता घरात जे वाद लागतील ते वेगळेच.

आणि ती हक्कसोडाची शक्कल? ती तर आगीतून उठून फुफाट्यात पडण्यासारखी आहे. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याविना दुसऱ्याच्या नावे केलेली मिळकत कोर्टास रद्द ठरविता येते. शिवाय असे केले की प्रामाणिक अडचणीतला माणूस हा लबाड माणूस ठरतो, आणि कोर्टाची मोकळीकच अडते. बायकोच्या नावे बक्षीसपत्र, मेहुण्याच्या नावे खरेदीखत असले सल्ले देणारे लोक प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांची फी रोख असते आणि जोखीम आपली असते.

कोणी म्हणेल, नवा कायदा झाला आहे ना? होय, २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता झाली. कंपन्यांसाठी ती लागू झाली आणि मोठमोठ्या कंपन्यांची हजारो कोटींची देणी तिच्यातून कमी रकमेत मिटली. व्यक्तींसाठीही तिच्यात प्रकरणे आहेत. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशा अगदी गरिबास नवी सुरुवात करून देण्याची तरतूदही तिच्यात लिहिलेली आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून व्यक्तींपैकी जी मंडळी कंपनीच्या कर्जास जामीन राहिली, तेवढ्यांनाच ती लागू करण्यात आली. तुमच्या-आमच्यासारख्यांचा भाग कागदावरच राहिला. अमेरिकेत शेतकऱ्यांवर कर्जाचे संकट आले तेव्हा १९८६ साली तेथील दिवाळखोरी कायद्यात शेतकरी कुटुंबांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले, शेती चालू ठेवून तीन ते पाच वर्षांत झेपेल तेवढे फेडण्याचे. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यावर भागवावे लागते. मोठ्याचे दिवाळे निघाले की त्यास पुनर्रचना म्हणतात. लहानाचे निघाले की गावभर बोभाटा होतो. हे बरोबर नाही, आणि शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी हे बोलले पाहिजे. परंतु जोवर बदल होत नाही तोवर, आहे त्या कायद्यात आपले हित कशात आहे ते आपणच पाहावयाचे आहे.

आता आपल्या धंद्यातलीच गोष्ट घेऊ. खोडवा ठेवावा की मोडावा, हे आपण कसे ठरवितो? बांधावर उभे राहून नाही. सरीतून चालत जातो, नांग्या मोजतो. थोड्या असतील तर रोपे लावून नांग्या भरतो आणि खोडवा ठेवतो. निम्मे रान रिकामे असेल तर मात्र मोह न करता नांगर घालतो, कारण तसला खोडवा खत आणि पाणी खाऊन वर्ष वाया घालवितो. नादारीचेही तसेच. ती नांगरट आहे. आधी मोजणी, मग निर्णय. आमच्याकडे येणारे बहुतेक सभासद मोजणी न करताच एक तर जमीन विकावयास निघालेले असतात, नाही तर दिवाळे काढावयास.

तात्यांची मोजणी आम्ही त्या रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केली. ती येथे देतो, कारण कार्डाचे व्याज कसे चालते हे पुष्कळांस माहीत नसते. कार्डाची बाकी पूर्ण भरली नाही तर महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज लागते. महिन्याला, वर्षाला नव्हे. एक लाख बाकी असेल तर महिन्याचे व्याज साडेतीन हजार, त्यावर अठरा टक्क्यांनी जीएसटी सहाशे तीस. बँक सांगते की किमान पाच टक्के म्हणजे पाच हजार भरा, तुमचे खाते चालू राहील. माणूस बिचारा पोटाला चिमटा घेऊन पाच हजार भरतो. त्यातून मुद्दलात जातात आठशे सत्तर रुपये. बाकी सगळे व्याजात. हुमणी लागलेल्या उसासारखे हे आहे. वरून पाला हिरवा दिसतो, खाली मुळ्या संपलेल्या असतात.

चार लाख साठ हजारांवर याच हिशेबाने महिन्याला एकोणीस हजार, वर्षाला सव्वादोन लाखांच्या वर. तात्यांचा ऊस तीन एकर, एकरी अडतीस टन धरला तर एकशे चौदा टन. २०२५-२६ हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला तीन हजार पाचशे पन्नास असली तरी, साडेनऊ टक्के व त्याखालच्या उताऱ्याला ती तीन हजार दोनशे नव्वद रुपयांच्या आसपास येते. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला चोवीसशे पन्नास धरू. म्हणजे वर्षाचे दोन लाख ऐंशी हजार. त्यातून सोसायटीची कपात, खत, पाणी, घरखर्च. अर्थात तात्यांनी सगळा ऊस कार्डावर ओतला तरी मुद्दल जागचे हलणार नाही. २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कार्डाच्या व्याजावर तीस टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा जुना निकालही रद्द केला, तेव्हा व्याज आपोआप कमी होईल ही आशा नको.

उलट सोसायटीचे पीककर्ज पाहा. तीन लाखांपर्यंतचे मुदतीत भरले तर केंद्राच्या सवलतीने आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेने शेतकऱ्यास ते बिनव्याजी पडते. आणि आमचे सभासद काय करतात? बिनव्याजी कर्ज थकवतात आणि शेकडा बेचाळीसवाल्याची भर करतात! कारण सोसायटीचा सचिव रोज दहा वेळा फोन करीत नाही. जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी पैसे, अशी रीत पडली आहे. ती मोडली पाहिजे. पैसे देण्याचा क्रम हा ओरडण्यावरून नव्हे, तर कोण काय नेऊ शकतो यावरून ठरवावा.

सोसायटीच्या कर्जाचा इकरार असतो, सातबाऱ्यावर बोजा असतो, थकले तर १०१ ची नोटीस येते. ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर नेऊ शकतो. सोने तारण असेल तर सोने जाते. या देण्यांना नादारीही फारशी अडवू शकत नाही, कारण तारणवाल्याचा तारणावरचा हक्क नादारीत कायम राहतो. कार्डाचे कर्ज मात्र बिनतारण असते. कार्डवाल्या बँकेस कोर्टात दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागतो. त्याआधी वसुली माणसाने उंबऱ्यात येऊन 'जप्ती करतो, ऊस उचलतो' म्हणण्यास काही आधार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही; शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी यांस मनाई आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद न लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यांचा फोन १४४४८ आहे. आणि सज्ञान मुलाच्या कार्डाचे देणे, आपण जामीन राहिलो नसू तर, बापावर येत नाही. तात्यांना हे कोणीच सांगितले नव्हते.

तुरुंगाची भीतीही अशीच घातली जाते. निव्वळ पैसे नाहीत म्हणून, मनात लबाडी नसताना, कर्जदारास दिवाणी तुरुंगात घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच एका बँकेच्या खटल्यात सांगितले आहे. मात्र कोणास सहीचे कोरे चेक देऊन ठेवले असतील तर गोष्ट वेगळी. चेक न वटणे हा गुन्हा आहे. तेव्हा धमकीस भिऊन चेक लिहून देऊ नये. आणि कोर्टाचे खरे समन्स आले तर ते फडताळात ठेवू नये. तारखेस हजर राहावे. लोकअदालतीचे पत्र म्हणजे वॉरंट नव्हे, ते तडजोडीचे बोलावणे असते.

तात्यांना आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. जमीन गहाणही नको आणि विक्रीही नको. सावकाराकडे तर मुळीच जावयाचे नाही. परवान्याशिवायची सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, परंतु तक्रार करण्याची वेळ येईपर्यंत घर खचलेले असते. दुसरे, मुलाने तिन्ही कार्डे बंद करून प्रत्येक बँकेस लेखी कळवावे की नोकरी गेली होती, आता पगार एवढा आहे, महिन्यास एवढेच झेपते, व्याज थांबवून हप्ते बांधून द्या किंवा एकरकमी तडजोड करा. आणि तिसरे, तडजोडीचे पत्र बँकेच्या शिक्क्यानिशी हातात येईपर्यंत कोणाच्या मोबाईलवर एक पैसाही टाकू नये.

मुलगा पुढच्या रविवारी गावी आला. बापासमोर त्याने तिन्ही कार्डे कातरीने कापली. दोन बँकांनी तीन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर हप्ते बांधून दिले. तिसरीचे प्रकरण अजून चालू आहे. मुलाच्या क्रेडिट अहवालावर शेरा पडला आहे, चार-सहा वर्षे त्यास घरकर्ज मिळणे कठीण जाईल. हे नुकसान खरेच आहे. परंतु पाच एकरांचा सातबारा जसा होता तसा आहे, आणि सोसायटीचे कर्ज ३१ मार्चच्या आत भरले गेले.

मग नादारी कोणीच घेऊ नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या नावे जमीन नाही, वडिलोपार्जित हिस्सा नाही, कोणी जामीन नाही, देणी सगळी बिनतारण आहेत, मिळकतीच्या कित्येक पट झाली आहेत, आणि हुकूमनाम्यावर हुकूमनामे येत आहेत, अशा माणसाने चांगल्या वकिलास विचारून कोर्टाची वाट अवश्य धरावी. आपला जिल्हा पूर्वी हैदराबाद राज्यात होता, तेव्हा अर्ज कोणत्या कायद्याने व कोणत्या कलमाखाली चालेल हेही त्यांच्याकडून पक्के करून घ्यावे. मोकळीक मिळेपर्यंत ग्रामपंचायतीस उभे राहता येत नाही, आपण नादार आहोत हे न सांगता उसनवारी केली तर गुन्हा होतो, आणि सरकारी देणे व फसवणुकीने केलेले देणे मोकळीक मिळूनही सुटत नाही. हे सर्व पत्करून जो जातो त्यास आम्ही नावे ठेवणार नाही. निम्म्याहून अधिक नांग्या असलेला खोडवा मोडणे हेच शहाणपणाचे.

परंतु 'कोणी जामीन नाही' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले आहेत. नादाराची सुटका झाली तरी जामीनदाराची होत नाही. आम्ही स्वतः एका सहकाऱ्यास एका पतसंस्थेत जामीन राहिलो होतो. सही करताना चहा पीत होतो, कागद वाचलाही नाही. त्या सहकाऱ्याने हात वर केले आणि आमच्या पगारातून एकतीस महिने कपात झाली. त्या वर्षी मुलीस ज्या कॉलेजात घालावयाचे होते तेथे घालता आले नाही. सहकाऱ्यावर आमचा राग नाही, त्याची अडचण खरी होती. परंतु त्याने आधी येऊन सांगितले असते तर दोघांनी मिळून काही मार्ग काढला असता. तो लाजेने तोंड लपवीत राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो. कर्जाच्या बाबतीत झाकली मूठ दर महिन्यास जड होत जाते.

काही सभासद म्हणतात, थांबा, माफी होईल. २००८ साली झाली, २०१७ साली झाली, २०१९ साली झाली. खरे आहे. परंतु या तिन्ही वेळा माफी झाली ती शेतीकर्जाची. कार्डाचे, मोबाईलवरचे, सोन्यावरचे कर्ज त्यांत नव्हते.

आता थोडे आपल्या घरचेही बोलले पाहिजे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावयाचे आणि उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावयाचे, असा नियम आहे. आपल्या कारखान्याचीही काही बिले उशिरा निघाली, हे लपविण्यात अर्थ नाही. बिल दोन महिने लांबले की शेतकरी मधल्या काळास कोठून तरी पैसे काढतो. तात्यांच्या मुलाने एका कार्डावरून काढलेली पहिली मोठी रक्कम ही बापाच्या खताची होती, हे आम्हास हिशेब करताना कळले, आणि आमची मान खाली गेली. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे अतिवृष्टीने रान खरवडून गेले. तिकडच्या सभासदांस तर एकेका आठवड्याचे मोल आहे. म्हणून संचालक मंडळास आमची विनंती आहे की लहान धारकांची बिले आधी काढावीत, आणि प्रत्येक गट ऑफिसात आठवड्यातून एक दिवस सभासदांचे कर्जाचे कागद पाहून देण्यासाठी ठेवावा. ऊस विकास म्हणजे केवळ बेणे आणि खत नव्हे. ज्याचे घर कर्जात बुडाले तो खोडव्यास पाणी वेळेवर कसे देणार?

शेवटी एक गोष्ट फार जड अंतःकरणाने लिहितो. दुष्काळाच्या वर्षांत आमच्या गटातील माणसे आम्ही गमावली आहेत. त्यांच्यापैकी एकाचे कागद पुढे आम्ही पाहिले. आकडा फार मोठा नव्हता. दोन बैठकांत हप्ते बांधून मिळाले असते. तो कोणास बोललाच नाही. तात्यांची बायको रात्रभर जागी असते हे ऐकून आमच्या पोटात गोळा आला तो यासाठी. सभासदांनो, देणे पैशाचे असते, ते पैशानेच फेडावे, कमी करून घ्यावे, लांबवावे, नाही तर कायद्याने नादार व्हावे. जिवाने कोणतेच कर्ज फिटत नाही, उलट घरच्यांवर दुसरे चढते. घरात कोणी गप्प गप्प असेल, जेवत नसेल, तर त्यास एकटे सोडू नका. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आणि आमचा दरवाजा आहेच. येताना तोंडी आकडे आणू नका, कागद आणा. सातबारा, सोसायटीचा उतारा, बँकेची पत्रे, मुलाच्या मोबाईलमधले हिशेब, जे असेल ते सर्व, लाजेपायी एकही मागे न ठेवता. नांग्या सगळ्या मोजल्या तरच खोडव्याचे सांगता येते.

तात्या परवा वजनकाट्यावर भेटले. तिसऱ्या बँकेची तारीख पुढच्या महिन्यात आहे, मुलगा स्वतः हजर राहणार आहे. आम्ही विचारले, "झोप लागते का आता?" तात्या म्हणाले, "पोरगं रोज सांजच्याला फोन करतंय बगा."

आपला,
ऊस विकास अधिकारी